घरची मराठी पुस्तकं गुडरीड्सवर टाकावीत का? माझं जरा लांबलेलं उत्तर

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न आधी थोडक्यात लिहिते. विचारणाऱ्या बाईंच्या घरात बाबांची आणि स्वतःची मिळून सात-आठशे पुस्तकं आहेत, बहुतेक मराठी. गुडरीड्सवर (वाचक आपली पुस्तकं नोंदवतात, त्यांना तारे देतात ती साइट) खातं उघडलं, दहा पुस्तकं शोधली तर चार सापडली, त्यातलं एक भलत्याच लेखकाच्या नावावर. कोणी सांगतं लायब्ररीथिंग वापरा, कोणी सांगतं स्टोरीग्राफ, भाऊ म्हणतोय एक्सेल काय वाईट आहे. तर यातलं काय वापरायचं, आणि मराठी पुस्तकांसाठी एवढा खटाटोप करण्यात काही अर्थ आहे का, असा प्रश्न आहे. शिवाय रेटिंग द्यायला संकोच वाटतो कारण दोन-तीन लेखक ओळखीचे आहेत.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात बरीच वर्षं काढली आणि आता फावल्या वेळात गुडरीड्सवर मराठी पुस्तकांच्या नोंदी दुरुस्त करत बसते (तिथे अशा बिनपगारी लोकांना लायब्ररियन म्हणतात, मान मोठा आणि काम हमालीचं). त्यामुळे खालचं सगळं त्या कामातून आलेलं आहे, तुमचं घर, तुमचा वेळ आणि तुमचा स्वभाव मला माहीत नाही, त्याप्रमाणे कमीजास्त करून घ्या.

तुम्ही विचारलंय कुठली साइट, पण मला वाटतं घोळ त्याच्या आधीच झालाय. या साइट्सवर तीन वेगवेगळी कामं एकाच खात्यात होतात आणि आपण ती एकच समजतो. एक म्हणजे घरात कुठलं पुस्तक आहे, कुठल्या कपाटात आहे, कोणाकडे गेलंय याची यादी. दुसरं म्हणजे मी काय वाचलं, कधी वाचलं, काय वाटलं याची डायरी. आणि तिसरं म्हणजे आपल्यासारखं वाचणारी माणसं सापडणं. तुमच्या बाबांची पुस्तकं हे पहिलं काम आहे, त्यातली निम्मी तुम्ही वाचलेलीही नसतील. रेटिंगचा संकोच हा दुसऱ्या-तिसऱ्या कामातला प्रश्न आहे. गुडरीड्स मुळात दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी बनलंय, तिथे जाऊन पहिलं काम करायला बसलं की दहातली चारच सापडतात आणि माणूस वैतागतो.

माझं उत्तर असं की पहिली यादी आपल्या ताब्यात ठेवा, लायब्ररीथिंग अधिक स्वतःची एक शीट, आणि गुडरीड्सवर फक्त वाचलेली आणि वाचायची पुस्तकं न्या. आणि मराठी पुस्तकं तिथे आयती सापडतील ही अपेक्षाच सोडा, ती कोणीतरी वाचकाने टाकली म्हणून तिथे असतात, आता काही तुम्ही टाकाल किंवा लायब्ररियनकडून टाकून घ्याल. हे जमणार नसेल, म्हणजे खरंच वेळ नसेल, तर भावाचं ऐका, एक्सेल अजिबात वाईट नाही.

आता साइट्सबद्दल. गुडरीड्स ओटिस चँडलर आणि एलिझाबेथ चँडलर या जोडप्याने २००७ च्या सुरुवातीला सुरू केलं आणि २०१३ मध्ये अॅमेझॉनने विकत घेतलं. गर्दी सगळ्यात जास्त तिथेच, म्हणून माणसं हवी असतील तर तिथे जावंच लागतं. पण गेल्या काही वर्षांत साइटकडे मालकांचं फार लक्ष आहे असं वाटत नाही, डिझाइन जुनाट आहे, अर्धा तारा देण्याची सोय इतकी वर्षं लोक मागतायत, आणि २०२० च्या डिसेंबरात त्यांनी बाहेरच्या प्रोग्रॅमर लोकांना डेटा वापरायला लागणाऱ्या नवीन किल्ल्या देणंही बंद केलं. लायब्ररीथिंग त्याहून जुनं, टिम स्पाल्डिंगने २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंडमधून काढलं. पूर्वी २०० पुस्तकांपर्यंतच फुकट होतं, २०२० पासून ती मर्यादा गेली. दिसायला रुक्ष आहे पण ग्रंथालयवाल्या माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं. स्टोरीग्राफ हे नाडिया ओडुनायो या बाईंनी २०१९ मध्ये आणलं, पाव पाव तारा देता येतो, पुस्तकाचा मूड आणि वेग यावरून सुंदर आलेख निघतात. पण ते आलेख बाकीच्या वाचकांनी भरलेल्या माहितीवर चालतात, आणि ज्या मराठी कादंबरीचे तिथे तुम्ही एकट्याच वाचक आहात तिथे आलेख तुमचंच मत तुम्हाला परत दाखवतो. इंग्रजी वाचन जास्त असेल तर जरूर वापरा.

लायब्ररीथिंग मराठी पुस्तकांसाठी का, याचं खरं कारण बहुतेकांना माहीत नसतं. ते स्वतःचा डेटा कमी आणि जगभरच्या ग्रंथालयांच्या कॅटलॉगमधून जास्त उचलतं, त्यात अमेरिकेची लायब्ररी ऑफ काँग्रेस आहे. आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत १९६२ पासून एक ऑफिस आहे, भारतीय भाषांमधली पुस्तकं विकत घेऊन तिकडे पाठवायचं. सुरुवातीला त्याचे पैसे आले पीएल-४८० मधून! घरातल्या मोठ्यांना विचारा पीएल-४८० म्हणजे काय, ते गहू म्हणतील. अमेरिकेचा तो गहू आपण रुपयांत घेत होतो, ते रुपये इथेच साठायचे, आणि त्यातल्या थोड्या रकमेतून अमेरिकेतल्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं घेतली गेली, त्यात मराठीही. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातलं एखादं पुस्तक, जे आज अप्पा बळवंत चौकात मिळत नाही आणि गुडरीड्सवर औषधालाही नाही, त्याची व्यवस्थित नोंद वॉशिंग्टनमध्ये असण्याची बरीच शक्यता असते.

पण ती शोधायची कशी, यात गोम आहे. तिथल्या नोंदी रोमन लिपीत आहेत आणि ती रोमन आपण व्हॉट्सॅपवर लिहितो तशी नाही. च साठी सी, छ साठी सीएच, आणि शब्दाच्या शेवटी आपण न उच्चारलेला अ सुद्धा लिहायचा. म्हणजे ‘चाळ’ शोधायची तर सी-ए-एल-ए, ‘वाचन’ शोधायचं तर व्ही-ए-सी-ए-एन-ए. अक्षरांखालचे टिंब आणि डोक्यावरच्या रेघा टाइप करायची गरज नाही. आपल्या सवयीप्रमाणे सीएच-ए-ए-एल टाकलं तर काहीही येत नाही, आणि लोक म्हणतात नोंदच नाही. हे एकदा हाताला बसलं की बाबांच्या कपाटातली बरीच पुस्तकं पटापट सापडतील. सापडल्यावर शीर्षक हाताने देवनागरी करून घ्या, तुमच्या खात्यात तुम्ही बदललेलंच दिसतं.

नाही सापडलं तर स्वतः नोंद करायची, आणि इथे जरा सावकाश लिहिते कारण हेच काम तुम्हाला सगळ्यात जास्त वेळा करायचंय.

पुस्तक हातात घेतलं की मुखपृष्ठ बघून लिहायला सुरुवात करू नका. मुखपृष्ठावर नाव कलात्मक असतं, उपशीर्षक कधी असतं कधी नसतं. आतलं शीर्षकाचं पान उघडा, आणि ते उलटलं की मागे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत असा मजकूर असतो, सगळा खजिना त्या पानावर. शीर्षक तिथे आहे तसंच घ्या. जुनं पुस्तक असेल तर त्यात ‘कांहीं’, ‘नांव’ असे जुने अनुस्वार असतील, १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर ते हळूहळू गेले. नोंदीत छापलंय तसं ठेवा, सुधारायचा मोह नको, पण शोधताना मात्र दोन्ही प्रकारे शोधून बघा. तसंच अॅ हे अक्षर, कीबोर्डप्रमाणे ते दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतं, डोळ्यांना एकच दिसतं आणि कॉम्प्युटरला दोन वेगळी वाटतात, म्हणून ‘अॅ’ असलेलं शीर्षक सापडलं नाही तर शीर्षकातला दुसरा एखादा शब्द टाकून बघावं.

वर्षाचं म्हणाल तर जुन्या पुस्तकांवर कधीकधी फक्त शके असतं. त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८८० म्हणजे १९५८, आणि पौष-माघ-फाल्गुनातलं असेल तर बहुधा ७९. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यातला फरकही बघा. मजकूर बदलला किंवा नव्याने जुळवला तर आवृत्ती, तेच परत छापलं तर पुनर्मुद्रण, पण आपले प्रकाशक दोन्ही शब्द सैलपणे वापरतात, त्यामुळे फार डोकं खपवू नका, पानावर लिहिलंय ते टिपा. गुडरीड्सवर दोन तारखांची सोय आहे, या आवृत्तीची वेगळी आणि पुस्तक मुळात पहिल्यांदा कधी आलं त्याची वेगळी. २०१५ चं पुनर्मुद्रण हातात धरून पुस्तकच २०१५ चं करून टाकलेलं मी रोज बघते, लेखक त्याच्या तीस वर्षं आधी वारलेला असतो.

पानांची संख्या लिहिताना शेवटच्या छापील आकड्याएवढी. आपल्याकडे प्रस्तावनेची पानं ‘नऊ’, ‘दहा’, ‘अकरा’ अशी अक्षरात असतात आणि मग १ पासून मजकूर सुरू होतो, ती अक्षरातली पानं यात मिळवायची नसतात.

आता आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा जागतिक ओळख क्रमांक. जुन्या पुस्तकांवर नसतोच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, नसला तरी नोंद होते. भारतातले क्रमांक ८१ किंवा ९३ ने सुरू होतात, १३ आकडी असेल तर त्याच्या आधी ९७८. २००७ च्या आधीचे १० आकडी असतात. काही लोक १० आकडी क्रमांकाला पुढे ९७८ चिकटवून मोकळे होतात, तसं चालत नाही, कारण शेवटचा आकडा हा आधीच्या सगळ्या आकड्यांच्या हिशेबातून येतो आणि १३ आकडी करताना तो बहुतेक वेळा बदलतो. नेटवर फुकट कन्व्हर्टर आहेत ते वापरा. १० आकडीत शेवटी एक्स असू शकतो, ती छपाईची चूक नाही. आणि मोबाइलने बारकोड स्कॅन करताना आधी बघा की तो ९७८ नेच सुरू होतो ना. ८९० ने सुरू झाला तर तो भारतात नोंदलेल्या साध्या मालाचा कोड आहे, बिस्किटाच्या पुड्यावर असतो तो, आणि दुकानदाराने स्वतःचं स्टिकर चिकटवलं असेल तर तो तिसराच प्रकार. एकच आयएसबीएन दोन वेगळ्या पुस्तकांवर छापलेला सुद्धा मी पाहिलाय, अशा वेळी स्कॅन केल्यावर भलतंच पुस्तक येतं आणि आपण न बघता होय म्हणतो. स्कॅन झाल्यावर नाव वाचायचं, एवढी एक सवय लावा.

लेखकाचं नाव हा खरा डोकेदुखीचा भाग, आणि तुमचं एक पुस्तक चुकीच्या लेखकावर का गेलं तेही यातच आहे. पु. ल. देशपांडे हे एकच नाव घ्या, रोमनमध्ये आद्याक्षरं पी-एल, आद्याक्षरं पीयू-एलए, पूर्ण पुरुषोत्तम लक्ष्मण, त्यात लक्ष्मणचं स्पेलिंग एक्सने की केएसएचएमने, शिवाय देवनागरीत टिंबांनंतर जागा सोडून आणि न सोडता. प्रत्येक स्पेलिंगचा साइटवर एक स्वतंत्र लेखक होऊ शकतो आणि पुस्तकं त्यांच्यात वाटली जातात. गुडरीड्सवर रूढ पद्धत अशी की शीर्षक पुस्तकाच्या लिपीत, मुख्य लेखकाचं नाव रोमनमध्ये, आद्याक्षरांमध्ये टिंब द्यायचं पण जागा नाही, आणि देवनागरी नाव दुसऱ्या लेखकाच्या ओळीत जोडायचं म्हणजे दोन्हीकडून शोधता येतं.

याच्या उलट भानगड म्हणजे एकाच नावाची दोन माणसं. आपल्याकडे जोशी-कुलकर्णी-देशपांडे-पाटील यांची कमी नाही, साइटला नाव सारखं दिसलं की ती पुस्तक आधीपासून असलेल्या माणसाच्या खात्यावर टाकते, मग कवयित्रीच्या नावावर शेअर बाजाराचं पुस्तक दिसतं. गुडरीड्समध्ये यावरचा उपाय इतका गावठी आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही: दुसऱ्या लेखकाच्या नावात आणि आडनावात एकाऐवजी दोन स्पेस द्यायच्या, तिसऱ्याच्या तीन. दिसताना सारखंच दिसतं, आत मात्र माणसं वेगळी होतात. हे बदल फक्त लायब्ररियन करू शकतात. तुमच्या खात्यात ५० पुस्तकं झाली की तुम्हालाही अर्ज करता येतो, आणि मराठीसाठी आणखी माणसं हवीच आहेत. तोवर तिथे लायब्ररियन्सचा ग्रुप आहे त्यात विनंती टाका, पुस्तकाची लिंक, काय चुकलंय, काय हवं आणि पुरावा म्हणून शीर्षकामागच्या पानाचा फोटो किंवा प्रकाशकाच्या साइटची लिंक. ‘हे पुस्तक चुकीचं आहे प्लीज फिक्स’ एवढंच लिहिलं तर कोणी हात लावत नाही, कारण त्या बिचाऱ्याला मराठी वाचता येत नसतं. आणि हे सगळं लॅपटॉपवर करा, ॲपमध्ये नोंदी दुरुस्त करण्याचे पर्याय मिळत नाहीत.

मुखपृष्ठाचा फोटो स्वतः काढा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून. ऑनलाइन दुकानाचं वॉटरमार्क असलेलं चित्र उचलू नका. मलपृष्ठावरचा मजकूर आख्खा टाइप करण्यापेक्षा आपल्या शब्दांत दोन ओळी लिहिल्या तरी पुढच्या वाचकाला पुरतं.

दिवाळी अंकांचं पण सांगून ठेवते कारण पुढचा प्रश्न तोच येणार. बाबांच्या पिढीत दिवाळी अंक बांधून ठेवणारे बरेच होते. गुडरीड्सवर मासिकं-नियतकालिकं सहसा पुस्तक म्हणून धरत नाहीत, टाकली तर कोणीतरी काढून टाकतं. लायब्ररीथिंगवर खुशाल टाका, अंकाचं नाव, वर्ष, संपादक.

म्हणजे इथपर्यंतचा हिशेब असा: यादी लायब्ररीथिंगवर, शोधताना ती विचित्र रोमन, नोंद मागच्या पानावरून, चुकीच्या लेखकासाठी गुडरीड्सवर रीतसर विनंती. सगळं कपाट एकदम काढून बसू नका, मी पाहिलंय की लोक पहिल्या रविवारी पुस्तकं पलंगावर पसरतात आणि पुढच्या रविवारी तशीच परत कोंबतात. एका वेळी एक कप्पा. बाबांना जमत असेल तर त्यांना मागचं पान मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही टाइप करा. आत कोणाची सही असेल, खरेदीची तारीख असेल, कोणी भेट म्हणून दोन ओळी लिहिल्या असतील तर लायब्ररीथिंगच्या खासगी टिपेच्या रकान्यात लिहून ठेवा, ती फक्त तुम्हालाच दिसते. माझ्या मते घरच्या यादीतला हा सगळ्यात मोलाचा रकाना आहे, बाकीचं सगळं कुठल्यातरी ग्रंथालयात सापडेल, हे नाही सापडणार.

टॅग कमी ठेवा. सुरुवातीला उत्साहात लोक ‘ग्रामीण’, ‘ग्रामीण कथा’, ‘खेडं’ असे तीन टॅग करतात आणि मग कुठलं कशात टाकलं ते आठवत नाही. मला उपयोगी पडलेले टॅग म्हणजे जागा (हॉल, माळा, गावचं घर), ‘उसनं दिलं’ आणि ‘दोन प्रती’. उसनं दिलं ला जोडून खासगी टिपेत कोणाला आणि कधी. हे केल्यापासून मी पुस्तक परत मागताना अंदाजपंचे बोलत नाही, तारीख सांगते, समोरचा निमूट आणून देतो.

आता गुडरीड्सवरचं वाचन आणि रेटिंग. तिथल्या ताऱ्यांवर माउस नेला की अर्थ दिसतो: एक म्हणजे आवडलं नाही, दोन म्हणजे ठीक, तीन म्हणजे आवडलं, चार खूप आवडलं, पाच म्हणजे अफाट. म्हणजे तीन हा चांगला शेरा आहे! आपल्याकडे मात्र तीनला काठावर पास समजतात, मग लेखक दुखावतो. तुमच्या ओळखीच्या लेखकांसाठी माझा सल्ला सरळ आहे, तारे देऊच नका, नुसतं लिहा. तारे न देता परीक्षण लिहिता येतं. चार परिच्छेद मनापासून लिहिले की तारे किती असं सहसा कोणी विचारत नाही. आणि जे लेखक स्वतः मेसेज करून ‘पाच तारे द्याल ना ताई’ म्हणतात, विशेषतः स्वतःच पुस्तक छापलेले, त्यांना ‘वाचून झालं की प्रामाणिकपणे लिहीन’ एवढं उत्तर पुरे, बहुतेक जण त्यानंतर परत विचारत नाहीत.

दुसऱ्यांच्या सरासरीवर पुस्तक निवडत असाल तर मराठीत तो आकडा जवळजवळ निरर्थक आहे. बारा-पंधरा जणांनी तारे दिलेले, त्यात निम्मे लेखकाचे नातेवाईक. मोठ्या भाषांमध्येही काही वेगळं नाही, २०२३ मध्ये एलिझाबेथ गिल्बर्ट या अमेरिकन लेखिकेच्या रशियात घडणाऱ्या कादंबरीवर ती प्रकाशित व्हायच्या आधीच एकेक ताऱ्याचा पाऊस पडला, पुस्तक कोणीही वाचलेलं नसताना, आणि तिने प्रकाशन पुढे ढकललं. आणि एक तांत्रिक गोष्ट जी मराठी वाचकाला फार लागू होते: गुडरीड्स सगळे अनुवाद मूळ पुस्तकाच्याच पोटात घालतं. ‘मृत्युंजय’ १९६७ ची मराठी कादंबरी, पण तिचे हिंदी, इंग्रजी, मल्याळम वाचकही त्याच नोंदीखाली तारे देतात. उलटही तसंच, तुम्ही एखाद्या इंग्रजी पुस्तकाचा मराठी अनुवाद बघताय आणि वर ४.२ दिसतंय, तो आकडा अनुवादाबद्दल काहीही सांगत नाही. अनुवाद वाचत असाल तर परीक्षणात अनुवादकाचं नाव लिहा आणि भाषा कशी आहे ते लिहा, ती माहिती दुसरीकडे कुठेच नसते. नोंदीत अनुवादकाचा वेगळा रकाना असतो तोही भरा, अनुवादकांची नावं गाळायची आपल्याकडे फार वाईट खोड आहे.

वर्षाला इतकी पुस्तकं असं जे चॅलेंज असतं ते हवं तर घ्या, मी घेत नाही. डिसेंबरात आकडा गाठायला लोक एकांकिका आणि बालवाङ्मयावर तुटून पडतात ते बघून करमणूक होते.

माणसं शोधायची तर ग्रुपपासून सुरुवात करू नका. मराठी नावाचे बरेच ग्रुप आहेत, आत जाऊन शेवटची पोस्ट कधीची ते बघा, म्हणजे कळेल. त्यापेक्षा तुम्हाला अतिशय आवडलेलं पण फारसं गाजलेलं नाही असं एखादं मराठी पुस्तक उघडा, खाली कोणी दोन-चार परिच्छेद लिहिलेत का बघा. असं पुस्तक वाचून त्यावर लिहिणारा माणूस तुमच्या जातकुळीचा निघण्याची शक्यता खूप. त्याची शेल्फं बघा, तुमची त्याची पुस्तकं ताडून बघायची सोय आहे, आणि फ्रेंड रिक्वेस्ट पाठवण्याआधी नुसतं फॉलो करा. खरं सांगायचं तर मराठीतली घसघशीत चर्चा अजूनही मायबोली-मिसळपाव या मराठी साइट्सवर आणि फेसबुकवरच होते. त्यामुळे परीक्षण एकदा लिहिलं की दोन्हीकडे टाका, तिकडे गप्पा होतात आणि गुडरीड्सवर ते पाच वर्षांनीही पुस्तकाखाली सापडतं. देवनागरीतच लिहा. रोमनमधलं मराठी दोन ओळींच्या पुढे कोणी वाचत नाही, मी तर नाहीच.

खातं काढताना पूर्ण नाव, गाव, नोकरीचं ठिकाण असं सगळं भरायची गरज नाही. प्रोफाइल फक्त मित्रांना दिसेल असं करता येतं, पण लक्षात ठेवा, गुडरीड्सवर प्रोफाइल बंद असली तरी तुमचं परीक्षण पुस्तकाच्या पानावर इतरांना दिसतं. ऑफिसातल्या साहेबांच्या कवितासंग्रहावर लिहिताना हे उपयोगी पडेल. लायब्ररीथिंगवर आख्खी लायब्ररी खासगी ठेवता येते आणि घरच्या यादीसाठी मी तसंच सुचवेन, कोणाच्या घरी कुठली दुर्मीळ पुस्तकं आहेत हे जगाला सांगायचं कारण नाही.

राहिली भावाची एक्सेल. ती लागतेच, पण सुरुवात म्हणून नाही, राखण म्हणून. शेल्फारी नावाची अशीच एक साइट होती, २००६ मध्ये निघाली, २००८ मध्ये अॅमेझॉनने घेतली, आणि २०१६ मध्ये बंद करून लोकांना गुडरीड्सकडे जायला सांगितलं. साइट फुकट आहे तोवर ती आपली नाही हे धरून चाला. गुडरीड्सवर माय बुक्सच्या पानावर इम्पोर्ट-एक्स्पोर्टचा पर्याय आहे, त्यातून सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातलं कोष्टक) मिळते, लायब्ररीथिंगवरूनही मिळते, आणि गुडरीड्सची फाइल स्टोरीग्राफ आणि लायब्ररीथिंग दोन्हीकडे चढवता येते. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा उतरवून ठेवा. मुखपृष्ठांचे फोटो त्यात येत नाहीत, ते फोनमधून वेगळे सांभाळा.

आणि ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका, कारण मराठी सगळं खुणा-खुणांचं भूत होऊन दिसतं आणि लोकांना वाटतं डेटा गेला. गेलेला नसतो. एक्सेलमध्ये आधी रिकामी शीट उघडा, डेटा मेनूतून फाइल आत घ्या आणि विचारेल तिथे यूटीएफ-८ निवडा. आयएसबीएनचा कॉलम टेक्स्ट करा, नाहीतर १३ आकडी क्रमांकाचं ९.७८ई+१२ होतं आणि तसंच सेव्ह केलं तर मधले आकडे खरोखरच जातात. गुडरीड्सच्या फाइलमध्ये आयएसबीएनभोवती बरोबरचं चिन्ह आणि अवतरणं असतात, ती फाइंड-रिप्लेसने काढता येतात, पण मूळ फाइलची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवून मगच. गूगल शीट्समध्ये चढवलीत तर मराठीचा घोळ सहसा होत नाही, मी तिथेच ठेवते, आणि भावालाही त्यातच एडिटचा अॅक्सेस देऊन टाका, माळ्यावरची खोकी त्याच्याकडे.